पाणी आलं, गवत आलं, पण चरणीची जमीन दगड का होतेय?

माणमाळ | २ डिसेंबर, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. ऊस, द्राक्ष, डाळिंबावर इथं पुष्कळ धागे निघतात. चरणीच्या जमिनीवर सहसा कुणी लिहीत नाही, म्हणून हा प्रपंच.

आटपाडी तालुक्यात आमची सहा एकर. वरची चार एकर मुरमाड माळ, खालची दोन एकर ओढ्याकाठची काळी. माझ्या लहानपणी माळावर पावसाळ्यात कुसळी यायची, दिवाळीपर्यंत संपायची आणि पुढं जनावरं कडब्यावर. टेंभूचं (कृष्णेवरच्या उपसा योजनेचं) पाणी आलं तेव्हा शेजारी डाळिंब-उसाकडं वळले. मी गवत केलं. दोन्हीकडं मारवेल, ओढ्याच्या कडेनं थोडं पॅरा. घरात कामाची माणसं दोन. रोज तीन क्विंटल चारा कापून वाहणं झेपत नाही, म्हणून तारेचं कुंपण करून जनावरं सरळ आत सोडतो. चार खिल्लार, पाच संकरित गाई, तीसेक मेंढ्या.

पहिली दोन वर्षं बघत राहावं असं गवत आलं. तिसऱ्या वर्षापासून खालची काळी बिघडली. पूर्वी पाणी सोडलं की मुरायचं, आता दोन-दोन दिवस डबकं. वाळलं की खुरांचे साचे तसेच्या तसे, भाजलेल्या विटेसारखे. फाटकाजवळचा मारवेल विरळ झाला, तिथं लव्हाळा आणि हरळी. अगदी खालच्या कोपऱ्यात सकाळी पांढुरकी झाक दिसते. वरच्या माळाला मात्र काहीही झालेलं नाही. तेच पाणी, तीच जनावरं.

हे पाण्यानं झालं की खुरांनी? चराई बंद करून कापूनच घालावं का? ओलिताखाली चराई करणाऱ्यांनी अनुभव लिहावेत.

कृष्णाकाठ | २ डिसेंबर, रात्री १०:०५

पाण्यानंच. दुसरं काही शोधत बसू नका.

आम्ही वाळवा तालुक्यातले. आजोबांनी नदीवरून उपसा करून ऊस लावला तेव्हा गाव बघायला आलं होतं. आज त्यातली अडीच एकर पांढरी आहे. सुरुवात अशीच, एका कोपऱ्यात पांढुरकी झाक. वडील म्हणायचे दव आहे. पुढच्या वर्षी उसाचा त्या कोपऱ्यातला फुटवा पिवळा. त्याच्या पुढच्या वर्षी तिथं उगवणच नाही. उन्हाळ्यात अनवाणी चाललं की पायाखाली पापड मोडल्यासारखा आवाज येतो. तो आवाज ऐकून वडील बांधावर बसून राहायचे, बोलायचे नाहीत.

कोपरा छोटा आहे तोवर जागे व्हा.

वाचनवेडी | २ डिसेंबर, रात्री १०:३१

शेतीतलं काही कळत नाही, पण कृष्णाकाठ यांचा प्रतिसाद वाचून कसंतरी झालं. वाचतेय.

काळीआई | ३ डिसेंबर, सकाळी ७:४८

माती परीक्षण प्रयोगशाळेत बरीच वर्षं काम केलंय, म्हणून थोडं सविस्तर.

माणमाळ, तुमच्या रानात दोन वेगळे आजार आहेत आणि ते शेजारी शेजारी असल्यामुळे एकच वाटतायत. फाटकाजवळचा आजार दाबाचा आहे. खालच्या कोपऱ्यातला आजार क्षाराचा किंवा सोडियमचा असावा. पहिल्यावर जिप्सम टाकून उपयोग नाही, दुसऱ्यावर चराई बंद करून उपयोग नाही.

आधी दाबाचं. मातीच्या दोन कणांच्या मध्ये ज्या मोठ्या पोकळ्या असतात त्यातून पाणी खाली जातं आणि हवा आत येते. माती कोरडी असली की ती जनावराचं वजन पेलते. ओली असली की कण एकमेकांवरून सरकतात, मोठ्या पोकळ्या बंद होतात. खुराचा हा परिणाम बहुतेक वरच्या तीन-चार इंचांतच होतो. पण गवताच्या मुळांचा मोठा हिस्सा तिथंच असतो!

आता माळ का वाचला ते. मुरमाड जमिनीत चिकणमाती कमी, पाणी तासाभरात खाली. खूर पडेपर्यंत ती वाळलेली असते. काळी जमीन पाणी धरून ठेवते. तुम्ही दोन्हीला एकाच वेळापत्रकानं पाणी आणि जनावरं देत असाल तर माळावर गाई कोरड्यात चरल्या आणि काळीत चिखलात चरल्या, इतका साधा फरक आहे.

काळ्या जमिनीला निसर्गानं एक सोय दिलेली आहे. ती उन्हाळ्यात आकसते, भेगा पडतात, पावसात पुन्हा फुगते. या हालचालीत दबलेली माती आपोआप मोकळी होते. आपले लोक उन्हाळ्यात रान तापू देत ते काही उगाच नव्हे. बारमाही गवतासाठी तुम्ही दर आठ-दहा दिवसांनी पाणी देताय, म्हणजे तीन वर्षांत त्या जमिनीला एकदाही भेग पडलेली नाही. दाबणं चालू आहे आणि सुटणं बंद झालंय.

कृष्णाकाठ | ३ डिसेंबर, सकाळी ८:२०

ताई, भेगांचं पटलं. पण पांढऱ्या कोपऱ्याचं?

काळीआई | ३ डिसेंबर, सकाळी ९:०२

तेच लिहीत होते. वरच्या चार एकर मुरमाला दिलेलं जादा पाणी जातं कुठं? खाली खडकापर्यंत झिरपतं, मग उतारानं सरकत येतं आणि जिथं काळी माती त्याला अडवते तिथं वर येतं. वाटेत मुरमातले, खडकातले क्षार विरघळवून आणतं. खालच्या कोपऱ्यात भूजल वर आलं की माती ते पाणी वातीसारखं ओढून घेते, ऊन ते उडवतं आणि मीठ वर राहतं. म्हणजे त्या कोपऱ्याला तुम्ही थेंबभर पाणी दिलं नाही तरी तो पांढरा होऊ शकतो.

वर टेंभूचं नाव आलंय म्हणून स्पष्ट करते. नदीच्या पाण्यात मुळात क्षार कमी असतात. बोअरच्या पाण्याची मात्र तपासणी हवी. त्यात सोडियमचे कार्बोनेट, बायकार्बोनेट जास्त असतील तर जमीन चोपण होते, म्हणजे सोडियममुळे घट्ट बसते आणि पाणी मुरू देत नाही. पाणी टंचाईत तुम्ही बोअर चालवता का?

माणमाळ | ३ डिसेंबर, दुपारी १:१५

चालवतो. योजनेच्या पाण्याची पाळी लांबली की दोन महिने बोअरवरच. आणि हो, माळाला आणि काळीला एकाच दिवशी पाणी देतो, कारण पाळीत पाणी मिळतं तेव्हा सगळंच भिजवून घ्यावं असं वाटतं. जनावरांचा नंबर मात्र गवताच्या उंचीवर ठरवतो. ओल कधी बघितलीच नाही.

दूरदेशी_मिरजकर | ३ डिसेंबर, दुपारी ४:४०

मी मूळ मिरजेचा, गेली काही वर्षं न्यूझीलंडच्या कँटरबरी भागात दुधाच्या फार्मवर कामाला आहे. इथं सगळं चराईवरच चालतं आणि कँटरबरीचं मैदान बरंचसं कोरडं, म्हणून गवताला तुषार सिंचन. मोठा फिरता सांगाडा शेतावरून गोल फिरतो. त्यामुळे तुमचा प्रश्न आमच्याकडं रोजचा आहे.

आमच्या मालकाचा दंडक असा की भिजवलेल्या तुकड्यात गाई लगेच घालायच्या नाहीत. आधी चरायचं, मग भिजवायचं, मग गवत वाढेपर्यंत त्या तुकड्याला हात लावायचा नाही. पाऊस लागून राहिला तर गाई दोन-तीन तास चरवून बाहेर, बाकी वेळ टणक जागेवर. चिखलात रात्रभर उभ्या राहिलेल्या कळपानं एका रात्रीत केलेलं नुकसान भरायला महिने लागतात, हे डोळ्यांनी पाहिलंय.

दाबाचं म्हणाल तर उभ्या गायीच्या खुराखालचा दाब मेंढीच्या साधारण दुप्पट धरतात, आणि तो ट्रॅक्टरच्या चाकाखालच्या दाबापेक्षाही जास्त असू शकतो. चालताना सगळं वजन दोन-तीन पायांवर येतं तेव्हा आणखी वाढतो.

आणखी एक गोष्ट इथं येऊन कळली. विंचमोर नावाच्या ठिकाणी विसाव्या शतकाच्या मध्यापासून चराऊ कुरणावर सिंचनाचा दीर्घ प्रयोग चालला. पाण्याखालच्या कुरणात गवत जास्त आलं, तरी मातीतला सेंद्रिय कर्ब मात्र कोरड्या कुरणापेक्षा कमी निघाला. मला आधी उलटं वाटायचं. पण ओल कायम असली की सूक्ष्मजीव कर्ब भराभर खातात, पाणी वरच मिळतं म्हणून गवत मुळांवर कमी खर्च करतं, आणि वर आलेलं बहुतेक जनावर खाऊन टाकतं.

फलटणचा | ३ डिसेंबर, सायं. ६:०३

दूरदेशी, माहिती उत्तम, पण ती थंड हवेची. आपल्याकडं ५०० मिलिमीटर पावसाच्या माळावर मुळात कर्बच नव्हता, तिथं पाणी देऊन गवत केलं तर वाढूही शकतो. तिकडचा निष्कर्ष जसाच्या तसा आटपाडीला लावू नये.

क्षारपडीचं मात्र आपल्याकडं जुनं आहे. नीरा डावा कालवा १८८५ चा. काही दशकांतच नीरा खोऱ्यात पाणथळ आणि क्षारपड जमिनींचा प्रश्न उभा राहिला. खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र १९१६ साली सिंचनाच्या प्रश्नांसाठीच सुरू झालं होतं. शंभर वर्षं आपल्याला हे ठाऊक आहे आणि तरी प्रत्येक नव्या पाण्याच्या गावात पहिली दहा वर्षं निचऱ्याचं नाव कुणी काढत नाही. याचा मला खरंच राग येतो. पाणी आणताना पाट आखतो तसा त्याच दिवशी निचऱ्याचा चर का आखत नाही आपण?

दूरदेशी_मिरजकर | ३ डिसेंबर, सायं. ७:२२

फलटणचा, मान्य. हवामान वेगळं, माती वेगळी. मी फक्त एवढंच म्हणतोय की हिरवं दिसतंय म्हणजे खाली सगळं बरं आहे असं धरून चालू नये.

घोंगडी | ३ डिसेंबर, रात्री ८:५०

म्या धनगराच्या घरातली, जत तालुका. लेक टाइप करतोय, म्या सांगतीया.

आमची मेंढरं माडग्याळी. माझ्या सासऱ्यानं सगळी हयात लोकांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवली. शेतकरी धान्य द्यायचा, नंतर नंतर पैका. सासऱ्याचा नेम व्हता, वल्या रानात मेंढरू बसवायचं न्हाई. कुणी कितीबी पैका देऊ द्या. का तर एक म्हंजे खूर सडत्यात, मेंढरू लंगडाय लागतंय. दुसरं म्हंजे लेंडी वर ऱ्हात न्हाई, चिखलात तुडवली जाती, तिचा वास सुटतो अन् खत मरतंय. सुक्या रानात बसवायचं, मग शेतकऱ्यानं नांगर घालायचा, मग पाणी.

तुमी पाणी दिऊन मेंढरं सोडता म्हंजे उलटं करताय. आदी जनावर, मागनं पाणी.

काळीआई | ३ डिसेंबर, रात्री ९:१०

मावशी, दंडवत. न्यूझीलंडचा मालक आणि तुमचे सासरे एकच सांगतायत: आधी चराई, मग पाणी, मग वाफसा येईपर्यंत, म्हणजे जादा ओल उतरेपर्यंत, थांबणं.

शब्दवेल्हाळ | ३ डिसेंबर, रात्री ९:३५

थोडं अवांतर. वाफसा की वापसा? आमच्या घरी आजी ‘घात’ म्हणायची. ‘रान घातीवर आलंय’ म्हणजे पेरायला तयार.

कृष्णाकाठ | ३ डिसेंबर, रात्री ९:४८

आमच्याकडं वापसा. घात पेरणीपुरतं म्हणतात. ‘घात गेली’ म्हणजे पेरायची वेळ हुकली.

घोंगडी | ३ डिसेंबर, रात्री १०:०२

आमी नुसतं ‘रान हाताला आलंय’ म्हंतो. मूठ दाबायची. मुठीत लाडू झाला अन् बोटानं टोचला की फुटला, तर आलंय. बोट रुतून बसलं तर जनावर बांधून ठेवायचं.

म्हैसवाला_कराड | ४ डिसेंबर, सकाळी ६:३०

गाई-मेंढ्यांचं चाललंय, म्हशीचं कोण बोलणार? आमच्या म्हशीला वाफसा आलेलं रान दाखवलं तर ती नाराज होऊन ओढ्याकडं तोंड करते. :)

गंमत बाजूला. पॅरा गवताला ओल आणि थोडा क्षार चालतो हे खरं, पण पाण्यात उभ्या गवतात जनावरं चारू नका. डबक्यात बारीक गोगलगाई असतात, त्यांच्यामार्फत यकृतात जाणारे चपटे जंत होतात. आमच्या दोन रेड्या त्यात खंगल्या. खालचा जबडा सुजून लोंबायला लागला तेव्हा डॉक्टर आले. तेव्हापासून ओढ्याकाठचं पॅरा कापून, उन्हात सुकवून घालतो. डबकं हा मातीचाच नाही, जनावराचाही प्रश्न आहे.

माणमाळ | ४ डिसेंबर, सकाळी ७:१०

हे माहीत नव्हतं. एक गाय दोन महिन्यांपासून अंगाला लागत नाहीये. आजच डॉक्टरांना बोलावतो.

फलटणचा | ४ डिसेंबर, सकाळी १०:१५

माणमाळ, खात्री करायची असेल तर साधा प्रयोग आहे. दोन्ही बाजूंनी उघडा पाईपचा तुकडा घ्या. जमिनीत दोन-तीन इंच ठोका, आत पाणी ओता, इंचभर पाणी उतरायला किती मिनिटं लागतात ते बघा. पहिलं पाणी सोडून द्या, दुसऱ्यांदा मोजा. एकदा फाटकाजवळ आणि एकदा कुंपणाच्या तारेखाली, जिथं खूर पडत नाही पण पाणी तेवढंच जातं. माती तीच, पाणी तेच. फरक आला तर तो खुरांचा.

काळीआई | ४ डिसेंबर, सकाळी ११:००

फलटणचा, फारच सुंदर. तारेखालची पट्टी म्हणजे जमिनीनं जपून ठेवलेला पुरावा आहे.

सोबत मातीचे नमुनेही पाठवा. कोपऱ्यातले वेगळे, मधले वेगळे, माळाचे वेगळे. एकत्र मिसळू नका. कोपऱ्यात शून्य ते सहा इंच, सहा ते बारा आणि एक ते दोन फूट असे तीन थर. शेण-मूत पडलेली जागा, झाडाखालची, बांधाजवळची टाळा.

अहवाल वाचताना एक चूक बरेच जण करतात. पुस्तकात लिहिलेलं असतं की क्षारता ४ च्या वर गेली की जमीन क्षारयुक्त. तो आकडा संपृक्त अर्काचा आहे, म्हणजे माती जेमतेम पाण्यानं भरून त्यातून काढलेल्या पाण्याचा. बहुतेक प्रयोगशाळा एक भाग मातीत अडीच भाग पाणी मिसळून मोजतात, तिथं तीच जमीन बरीच कमी दाखवते. लोक ‘१.५ आला, ४ खाली आहे’ म्हणून निर्धास्त होतात. कोणत्या पद्धतीनं मोजलं ते आधी विचारा. आणि सामू (पीएच) ८.५ च्या वर असेल तर विनिमययोग्य सोडियमही, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेला, काढून घ्या. तो १५ टक्क्यांच्या वर गेला की जमीन चोपण.

माणमाळ | २१ डिसेंबर, रात्री ८:३०

उशिराबद्दल क्षमस्व. सगळं करून आलोय.

पाईप तारेखाली ठोकला तेव्हा दोन हातोड्यांत गेला. फाटकाजवळ लाकडाची फळी ठेवून वरून घण घालावा लागला, तेव्हाच अर्धं उत्तर मिळालं. तारेखाली इंचभर पाणी नऊ मिनिटांत उतरलं. फाटकाजवळ मी तासभर बसलो, अर्धा इंचसुद्धा नाही. मग खुरप्यानं ढेकूळ काढून बघितलं. वरचे तीन-साडेतीन इंच एकावर एक पापड रचावेत तशी आडवी पापुद्र्याची माती, निळसर-राखाडी, कुबट वासाची. मारवेलाची मुळं तिथवर येऊन आडवी वळलेली. त्याच्या खाली मात्र माती चांगली रवाळ, काळी, भुसभुशीत. तीन इंचांनी सगळं अडवून धरलं होतं.

अहवाल आला. माळाचा सामू ७.९, मधल्या काळीचा ८.२, कोपऱ्याचा ८.८ आणि सोडियम १५ च्या वर. बोअरच्या पाण्यातही सोडियम बराच. म्हणजे काळीआई म्हणाल्या तसे दोन आजार.

गाईच्या यकृतात जंत निघाले. औषध चालू आहे. म्हैसवाले, तुमचे उपकार.

काळीआई | २१ डिसेंबर, रात्री ९:१५

मग आता क्रम असा धरा. कोपऱ्याला आधी निचरा, मग जिप्सम. निचऱ्याशिवाय जिप्सम म्हणजे पैसे पुरणं. जिप्सममधला कॅल्शियम सोडियमला कणांवरून ढकलतो, पण ढकललेला सोडियम पाण्याबरोबर बाहेर जायला वाट हवी. ओढा शेजारीच आहे, तेव्हा कोपऱ्याच्या वरच्या अंगाला उतार अडवणारा खोल चर काढा, म्हणजे माळावरून येणारं पाणी तिथंच पकडलं जाईल. जिप्समची मात्रा अहवालाप्रमाणे, वरच्या थरात मिसळून, मग पाणी देऊन धुऊन काढायचं. पहिलं पीक हिरवळीच्या खताचं, धैंचा; फुलावर यायच्या आत गाडायचा.

मधल्या काळीला औषध नको, विश्रांती हवी. या उन्हाळ्यात पाणी पूर्ण तोडा. मारवेल मरत नाही, त्याचं खोड जिवंत राहतं. भेगा पडू द्या.

कृष्णाकाठ | २१ डिसेंबर, रात्री ९:४०

चराला ओढ्यापर्यंत वाट तुमच्याच हद्दीतून आहे ना? आमच्याकडं सगळं तिथंच अडलं. आम्ही भूमिगत नळ्या टाकायला तयार होतो, सच्छिद्र पाईप, चार फुटांवर. पण पाणी काढायला खालच्या तिघांच्या रानातून जावं लागतं आणि तिघांतला एक तयार नाही. त्याचीही जमीन आमच्याच इतकी पांढरी आहे. एकट्याच्या रानाचा निचरा होत नाही हो, गावाचा होतो.

माणमाळ | २१ डिसेंबर, रात्री ९:५५

सुदैवानं आमच्याच हद्दीतून आहे. पण वरचा डाळिंबवाला शेजारी पाट मोकाट सोडतो, तेही पाणी माझ्याच कोपऱ्यात येतं. त्याला घेऊन बसतो.

शब्दवेल्हाळ | २२ डिसेंबर, सकाळी ८:००

मूळ प्रश्नाचं उत्तर मात्र राहिलं. चराई बंद करायची की नाही?

घोंगडी | २२ डिसेंबर, सकाळी ११:२०

बंद कशाला? जनावर रानात गेलंच पायजे. शेण रानात पडतंय, माणसाच्या डोक्यावरलं वझं वाचतंय. येळ बघून घाला.

माणमाळ | १४ जून, रात्री ९:०५

धागा वर काढतोय. जानेवारीपासून काय केलं ते सांगायचं होतं.

काळीचं पाणी फेब्रुवारीत तोडलं. मे महिन्यात भेगा इतक्या पडल्या की धाकट्या मुलाचा चेंडू एकीत गेला तो निघाला नाही. या काळात जनावरं माळावर, पाण्याची पाळी माळालाच, तीही तुषारनं आणि निम्मी. बोअर बंद. चारा कमी पडला, मार्च ते मे कडबा विकत घ्यावा लागला. तो खर्च जड गेला हे लिहिलंच पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल फुकटात झालं.

काळीचे कुंपणानं पाच तुकडे पाडले. फाटक ओलातून हलवून मुरमावर नेलं, पाण्याची टाकीही. आधी गाई, त्यांच्यामागं मेंढ्या, मग पाणी, मग मूठ दाबून बघितल्याशिवाय परत नाही. पाऊस लागला की सगळी जनावरं मुरमाच्या आवारात. शेजाऱ्यानं डाळिंबाला ठिबक केलं, चर दोघांनी मिळून काढला. पहिल्या दिवसापासून चराला पाणी वाहतंय, उन्हाळ्यातसुद्धा वाहत होतं. चव घेऊन बघितली, मचूळ.

परवाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर जुन्या फाटकाच्या जागी पुन्हा पाईप ठोकला. इंचभर पाणी, बावीस मिनिटं. तारेखालच्या नऊपासून अजून लांब आहे. कोपऱ्यात धैंचा टाकलाय, उगवण निम्म्याच भागात आहे.

काळीआई | १४ जून, रात्री ९:३०

तासाभरात अर्धा इंचही नव्हतं, ते बावीस मिनिटांवर! एका उन्हाळ्यात. डोळ्यांत पाणी आलं वाचून. कोपऱ्याला दोन-तीन वर्षं द्या, घाई करू नका.

कृष्णाकाठ | १४ जून, रात्री १०:१०

मी उद्या तिसऱ्या शेजाऱ्याकडं पुन्हा जाणार आहे. हा धागा त्याला वाचून दाखवतो. पाईप किती इंची घेतला होता?

माणमाळ | १४ जून, रात्री १०:१८

आठ इंची. फसलेल्या बोअरच्या केसिंगचा तुकडा होता घरी. एक कड कानशीनं घासून धार काढा, म्हणजे सरळ जातो.